पंडिता रमाबाई आणि शाळेच्या हाती सोपवलेले लेकरू



शाळेचे नवे वर्ष सुरू झाले म्हणजे गावोगावी एकच दृश्य दिसते. नवे दप्तर पाठीला लावलेले लेकरू शाळेच्या दाराशी येऊन थबकते, आई त्याचा हात शिक्षिकेच्या हाती देते आणि जड पावलांनी माघारी वळते. त्या घटकेला ती काय सोपवीत असते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? मुलाने लिहावे, वाचावे, शहाणे व्हावे, ही अपेक्षा तर असतेच. परंतु त्याबरोबर त्याचे डोळे, त्याचे कान, त्याची भूक, त्याचा ताप आणि त्याची लाज, हे सर्व ती दिवसाचे पाच-सहा तास दुसऱ्याच्या स्वाधीन करते. ही ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो.

शाळेने विद्यार्थ्याच्या आरोग्याची काळजी वाहावी, त्यासाठी नियम असावेत, परिचारिका असावी, पालकांना सर्व गोष्टी कळवाव्यात, या कल्पना आपल्याला अगदी अलीकडच्या वाटतात. तथापि आपल्या महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका स्त्रीने या ठेवीचा हिशेब स्वतः दिला आणि सरकारलाही मागितला. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे पांडित्य, त्यांचे ख्रिस्तदर्शन आणि त्यांचे मुक्ती मिशन यांविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. आज त्यांच्या चरित्राकडे निराळ्या बाजूने पाहू या. ज्यांना आईबाप नव्हते अशा शेकडो मुलींची शाळा आणि आई ही दोन्ही नाती ज्यांनी एकाच वेळी निभावली, त्या रमाबाई आज आपल्यासमोर आहेत.

दुष्काळाची पहिली ओळख

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असताना त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी लहानग्या रमेला. पहाटेच्या अंधारात आईच्या मांडीवर बसून पाठांतर करणारी ही मुलगी पुढे पुराणे मुखोद्गत म्हणू लागली.

हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत पायी हिंडत असे. अठराशे सत्तरच्या दशकातील दक्षिणेच्या दुष्काळात त्यांच्यावर अन्नान्नदशा आली. प्रथम वडील, मागून आई आणि मग थोरली बहीण, असे तिघे थोड्याच अवधीत उपासमारीने आणि आजाराने गेले. मागे उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. पोट पाठीला लागणे म्हणजे काय, उपाशी माणसाला ताप आला की तो कसा उठत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे वीस वर्षांनी हीच आठवण त्यांना घराबाहेर काढणार होती.

बहीणभाऊ भटकत भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमेची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि लेक वर्षाचीही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबिहारींना पटकीने ओढून नेले. अशा रीतीने वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच भूक आणि रोगराई या दोघींनी रमाबाईंचे जवळजवळ सर्व गोत्र हिरावून घेतले होते.

वैद्यकाची आस

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेले हंटर कमिशन १८८२ मध्ये पुण्यास आले तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. मुलींसाठी शिकलेल्या शिक्षिका हव्यात, शाळा तपासण्यासाठी स्त्रिया हव्यात, असे त्यांनी सांगितले. आणि याच साक्षीत आणखी एक मागणी जोडली, ती स्त्री डॉक्टरांची. आमच्या स्त्रिया परपुरुषापुढे आपले दुखणे उघड करू शकत नाहीत आणि म्हणून अकाली मरतात, हा त्यांचा मुद्दा होता. चौकशी शिक्षणाची, आणि मागणी डॉक्टरांची! ज्या मुलीला आपले दुखणे सांगण्यास कोणी नाही, तिला पाटी-पेन्सिल देऊन काय उपयोग, हे त्यांनी ओळखले होते. पुढे तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, भारतीय स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला.

रमाबाईंना स्वतःलाच डॉक्टर व्हायचे होते. याच हेतूने १८८३ साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रयास राहिल्या. तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु वैद्यकाचे दार मात्र उघडले नाही. त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत चालली होती, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही त्याने वैद्यकाचा अभ्यास कसा करावा? त्यांनी तो बेत सोडला आणि चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे वाटते. एवढी प्रखर बुद्धिमत्ता, आणि कानांच्या दोषाने तिची वाट बदलली. आजही आपल्या शाळांतून मागच्या बाकावर बसलेली किती तरी मुले मंद, हट्टी किंवा दुर्लक्ष करणारी म्हणून शिक्षा भोगतात, आणि खरे कारण कानातला मळ, फुटलेला कान किंवा कमी दिसणारे डोळे हे असते. वर्षातून एकदा केलेली साधी तपासणी अशा मुलाचे सारे आयुष्य बदलू शकते.

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई तेथे हजर होत्या. स्वतःच्या हातून निसटलेले स्वप्न दुसऱ्या मराठी स्त्रीच्या हाती आलेले त्यांनी पाहिले. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अमेरिकेत राहून रमाबाईंनी बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे खेळ, गाणी, बागकाम यांतून लहान मुलांना शिकविण्याच्या फ्रोबेलप्रणीत पद्धतीचा अभ्यास केला. मुलाच्या शरीराला हालचाल हवी, उजेड व हवा हवी, हे या पद्धतीचे मूळ आहे. डॉक्टर होता आले नाही, तरी देहाचा विचार त्यांच्या शिक्षणकार्यात असा दुसऱ्या दाराने आला.

शारदा सदन आणि पालकांचा विश्वास

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. बालविधवांसाठी ही शाळाही होती आणि घरही. प्रारंभीच्या विद्यार्थिनींतील गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी, आनंदीबाई कर्वे, म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या. केशवपन केलेल्या, एकवेळ जेवणाऱ्या, अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसविलेल्या या मुलींना येथे पुरेसे अन्न, स्वच्छ कपडे, स्नान, खेळ आणि झोप मिळू लागली. रमाबाईंनी आपल्या अभ्यासक्रमात शरीरशास्त्रालाही स्थान दिले. ज्या देहात आपण राहतो त्याची ओळख मुलींना असावी, ही त्यामागची दृष्टी होती. विधवेचे शरीर म्हणजे पापाचे ओझे, असे ज्या मुलींच्या मनावर बिंबविले गेले होते, त्यांना आपले हृदय, आपली फुप्फुसे, आपले रक्त यांचा धडा शिकविणे ही त्या काळी केवढी क्रांती असेल, याची कल्पना करा.

परंतु याच सदनावर १८९३ साली मोठे वादळ आले. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस मुली येऊन बसतात, यावरून पुण्यात गदारोळ उठला. सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी मंडळी बाहेर पडली आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, त्यांनी कोणावर सक्ती केली नव्हती, फक्त आपले दार बंद केले नव्हते. पालकांचे म्हणणे असे की, आम्हाला दिलेला शब्द पाळला गेला नाही. या वादाचा निवाडा आपण येथे करणार नाही. आपल्या विषयापुरती एवढीच गोष्ट घेऊ: शाळा आणि कुटुंब यांच्यामधील विश्वास तडकला म्हणजे काय होते, हे रमाबाईंनी शाळेच्या बाजूने अनुभवले. चार वर्षांनी त्याच अनुभवाची दुसरी बाजू त्यांच्या वाट्याला आली.

१८९७ चे वर्ष

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. काही महिन्यांत हा रोग पुण्यास पोहोचला. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. पण तो उंदरांवरील पिसवांच्या चावण्याने माणसात येतो हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों याने कराचीत दाखविले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ साली सरकार आणि प्रजा हे दोघेही अंधारातच लढत होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरांची झडती घ्यावी, रोग्याला प्लेगच्या रुग्णालयात हलवावे, घरच्या माणसांना छावणीत ठेवावे, असे अधिकार अधिकाऱ्यांना मिळाले. पुण्यात रँड यांच्या अधिकाराखाली गोरे शिपाई घरोघर शिरू लागले. याच साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला.

त्याच सुमारास मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला होता. आपल्या आईबापांचे मरण डोळ्यांपुढे आलेल्या रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळपीडितांच्या छावण्यांतून अनाथ मुली आणि तरुण विधवा दुष्ट माणसांच्या हाती कशा लागत आहेत हे त्यांनी पाहिले आणि टोळीटोळीने मुलींना आणण्यास आरंभ केला. पाहता पाहता ही संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात प्लेग, आणि त्यात हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड आलेल्या एवढ्या मुली! अधिकाऱ्यांनी त्यांना शहरात ठेवण्यास मनाई केली. रमाबाईंनी वाद घातला नाही. पुण्यापासून काही कोसांवर केडगाव येथे त्यांनी पूर्वीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती. त्या उघड्या माळावर तंबू आणि छपरे घालून त्यांनी मुलींना तेथे हलविले. दाटीपासून दूर, मोकळ्या हवेत मुलांना नेणे हा साथीच्या दिवसांतला शहाणपणाचा उपाय आहे, हे त्यांना पटत होते. सरकारी नियमाला त्यांचा आंधळा विरोध नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मग त्या सरकारशी झगडल्या कशासाठी? त्यांच्या आश्रयातील एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेण्यात आले आणि तेथे तिचे रक्षण झाले नाही, ती दुराचाराच्या मार्गाला लावली गेली, असे रमाबाईंना कळून आले. मे १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून ही गोष्ट उघड केली, आणि रुग्णालयात व छावणीत स्त्रियांची जी अनास्था होत होती तिच्याविषयी जाब विचारला. पत्राचा प्रतिध्वनी थेट विलायतेच्या पार्लमेंटात उमटला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप निराधार म्हणून फेटाळले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यातील जुलमाविषयी जे सांगितले होते ते पुराव्याअभावी त्यांना मागे घ्यावे लागले आणि जाहीर माफी मागावी लागली. २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि वातावरण आणखी तापले. अशा दिवसांत एका विधवेने, तेही ख्रिस्ती झाल्यामुळे स्वकीयांत परकी ठरलेल्या आणि मिशनच्या देणग्यांवर संस्था चालविणाऱ्या विधवेने, राज्यकर्त्यांविरुद्ध लिहावे, ही सोपी गोष्ट नव्हती. ज्यांच्या धर्माची ती होती त्या राज्यकर्त्यांनाही ती नकोशी झाली.

वाचकहो, त्या मुलीसाठी विचारणारे दुसरे कोणी नव्हते. तिला बाप नव्हता, भाऊ नव्हता. तिची शाळा हेच तिचे घर होते. नियमाप्रमाणे रोग्याला हलविले, येथे आमचे काम संपले, असे शाळेने म्हटले असते तर ती मुलगी कागदावरची एक नोंद होऊन राहिली असती. रमाबाईंनी मात्र विचारले की, तुम्ही नेलेले माझे लेकरू कोठे आहे? १८९३ साली पालकांनी त्यांना जाब विचारला होता; १८९७ साली त्याच अधिकाराने त्यांनी सरकारला जाब विचारला.

केडगावचे घर

केडगावच्या माळावर जे उभे राहिले ते मुक्ती सदन. तेथील पहिले शिक्षण अक्षरांचे नव्हते, जगण्याचे होते. दीर्घ उपासानंतर एकाएकी भरपेट अन्न दिले तर तेच अन्न घातक ठरते. रक्तातील क्षारांचा तोल बिघडून हृदय थांबू शकते, हे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. अशा लेकरांना थोडे थोडे, पुन्हा पुन्हा भरवावे लागते. त्यांची जखमांनी भरलेली अंगे धुवावी लागतात, केसांतील उवा काढाव्या लागतात, रात्री उशाशी बसावे लागते. आणलेल्या मुलींपैकी कित्येक वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांतल्या थोड्या सुदृढ मुलींनी पुढे नव्या येणाऱ्या आजारी मुलींची सेवा केली. परिचारिका हा शब्द जिला ठाऊक नव्हता, ती मुलगी अशा रीतीने परिचारिका झाली.

१८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. गुजरातेपासून राजपुतान्यापर्यंत गुरे आणि माणसे पटापट मेली. या वेळी गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि केडगावच्या कुटुंबाची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या मुलांना एकत्र ठेवायचे म्हणजे पाणी, शौचाची व्यवस्था, धान्य आणि सरपण यांचे गणित रोज सोडवावे लागते. रमाबाईंनी विहिरी खणविल्या, शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, धुलाई, छपाई अशी कामे उभी केली. कामही शिक्षणच होते, आणि त्यातूनच अन्न व वस्त्र येत होते.

आपण हेही पाहावे की त्यांनी मुलींना एकाच साच्यात बसविले नाही. अन्यायाला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीती सदन, आणि अंधांसाठी बार्तिमी सदन, अशी निरनिराळी घरे झाली. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती; तिच्यामुळे अंध मुली बोटांनी वाचू लागल्या. मुलाला असलेला दोष शोधायचा तो त्याला शाळेतून वगळण्यासाठी नव्हे, तर त्याला शिकविण्याची निराळी वाट काढण्यासाठी, हे तत्त्व त्यांनी असे अमलात आणले.

याच काळात जगात अन्यत्र काय चालले होते? न्यू यॉर्क शहरात वैद्यकीय तपासनीस शाळांत येत आणि डोळे आलेल्या, खरूज किंवा उवा झालेल्या मुलांना घरी हाकलीत. मुले रस्त्यावर खेळत राहत, रोग तसाच राही. १९०२ मध्ये लिलियन वाल्ड यांच्या सेवासंस्थेतील लिना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोगादाखल चार शाळांत पाठविण्यात आले. तिने मुलांना शाळेतच मलमपट्टी केली, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आईला उपचार समजावून सांगितला. गैरहजेरी झपाट्याने उतरली आणि शालेय परिचारिका ही पद्धत रूढ झाली. आपल्या देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोदे शहरात झाली. हे सर्व मुक्ती सदनानंतरचे आहे. रमाबाईंनी कोणत्या योजनेची नक्कल केली नाही. समोरच्या लेकराच्या गरजेने त्यांना तेच शिकविले.

शेवटचे काम

रमाबाईंच्या आयुष्याची अखेरची वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतरात गेली. अल्पशिक्षित मराठी स्त्रीला समजेल अशा सोप्या भाषेत बायबल असावे म्हणून त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या आणि मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींच्या हातांनी खिळे जुळवून, ते छापू लागल्या. मी स्वतः याच कामात वर्षे घालविली असल्यामुळे एक गोष्ट सांगावीशी वाटते. शुभवर्तमानांत तारण करणे यासाठी जो ग्रीक शब्द येतो, तोच शब्द आजाऱ्याला बरे करणे या अर्थानेही येतो. भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी कोणता मराठी शब्द घालावा असा पेच पडतो, कारण मराठीत आत्म्यासाठी एक आणि देहासाठी दुसरा असे दोन शब्द आहेत. रमाबाईंनी कागदावर हा पेच कसा सोडविला ते अभ्यासकांनी पाहावे. आयुष्यात मात्र त्यांनी ते दोन्ही अर्थ कधी वेगळे होऊ दिले नाहीत.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. ज्या सरकारला त्यांनी जाब विचारला होता, त्याच सरकारने हा सन्मान केला. जुलै १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्यासाठी

वाचकहो, आपण जयपूरजवळच्या कानोत्यात राहत असाल, नागपुरात वा बेळगावात असाल, मंडळीची शाळा चालवीत असाल किंवा फक्त आपल्या नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोहोचवीत असाल. रमाबाईंचे चरित्र आपणास काही प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न असा की, आपल्या लेकराच्या शाळेला त्याच्याविषयी काय ठाऊक आहे? त्याला दमा आहे, फिट येतात, एखादे औषध किंवा पदार्थ चालत नाही, त्याचे कोणते लसीकरण झाले आहे, अडचणीच्या वेळी कोणाला फोन करावा, हे एका कागदावर लिहून द्यायला दहा मिनिटे लागतात. तो कागद दरवर्षी नवा करावा. दुखणे लपविल्याने मुलाची लाज झाकली जाते असे आपल्याला वाटते, पण संकटाच्या वेळी तीच झाकलेली गोष्ट त्याच्या जिवावर बेतते.

दुसरा प्रश्न, आजारी मुलाला आपण घरी ठेवतो काय? गोवराचे पुरळ उठल्यापासून चार दिवस, कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, आणि ताप असेपर्यंत मुलाने घरीच राहावे. परीक्षा बुडेल म्हणून तापाची गोळी देऊन त्याला वर्गात धाडणे हा शेजारच्या बाकावरील लेकरावर अन्याय आहे. उलट उवा झाल्या म्हणून मुलीला सर्वांसमोर उभे करून घरी पाठविणाऱ्या शाळेने न्यू यॉर्कचा धडा आठवावा. हाकलून दिल्याने रोग जात नाही. शिकवून आणि सोबत करून जातो.

तिसरा प्रश्न संमतीचा. शाळेत लस द्यायची, जंतांची गोळी द्यायची, तपासणी करायची, तर पालकांना आधी समजेल अशा भाषेत सांगावे. गोवर-रुबेलाची लस मुलांना हितकारक आहे यात शंका नाही. तरीही जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की पालकांची संमती गृहीत धरून शाळांत ती देता येणार नाही. अनेक ठिकाणी पालकांनी अफवांना भिऊन मुलांना घरी ठेवले होते. ज्या शाळेने आधी बोलावून शंका फेडल्या, तिला विश्वास मिळविणे सोपे जाते. हित आणि विश्वास हे दोन्ही एकत्र चालले पाहिजेत, नाहीतर हितकारक गोष्टही लोक नाकारतात, हे पुण्याने १८९७ सालीच पाहिले.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण. शाळेतून मुलाला कोठे नेले, त्याला कोणी तपासले, सोबत कोण होते, याची चौकशी आपण करतो काय? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावी आणि तेव्हा मुलाच्या विश्वासातले माणूस जवळ असावे, असे ठरविले आहे. आणि असा गुन्हा कळूनही तो न कळविणे हाच गुन्हा ठरविला आहे. १८८२ साली एका तरुण विधवेने कमिशनपुढे जी स्त्री डॉक्टर मागितली होती ती येथे कायद्यात आली, पण तिला येण्यास एकशे तीस वर्षे लागली. कायदा आला तरी विचारणारा लागतोच. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसणारे पुष्कळ असतात, आणि खेदाची गोष्ट ही की ख्रिस्ती संस्थाही याला अपवाद नाहीत.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी शाळांतील मुलांची जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब यांसाठी तपासणी होते. पथक येते, नोंदी होतात, पुढे पाठविण्याच्या चिठ्ठ्या दिल्या जातात. ती चिठ्ठी घेऊन रुग्णालयापर्यंत कोण जाते? बहुधा तेथेच काम अडते, कारण आईला मजुरी बुडविता येत नाही आणि वडिलांना चिठ्ठी वाचता येत नाही. आपल्या मंडळ्यांतून निवृत्त परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, वेळ असलेली तरुण मुले आहेत. अशा एका लेकराचा हात धरून त्याला चष्मा मिळेपर्यंत सोबत जाणे, हे सुवार्तेचे काम नाही असे कोण म्हणेल?

यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाला प्रभू येशूने बरे करण्यापूर्वी, तुझ्यासाठी मी काय करावे, असे विचारले होते. तो आंधळा आहे हे प्रभूला दिसत नव्हते काय? तरीही त्याने विचारले, कारण तो देह बार्तीमयाचा होता. रमाबाईंनी आपल्या अंध मुलींच्या घराला त्याचेच नाव दिले. शाळेच्या हाती सोपवलेल्या प्रत्येक लेकराला असे विचारणारे कोणी भेटावे, आणि ते लेकरू कोठे गेले असे विचारणारे कोणी मागे असावे. आपल्या गावच्या शाळेत ते काम कोण करील, याचा विचार या आठवड्यात घरच्या प्रार्थनेच्या वेळी अवश्य करा.